केतकीने दिलेले पाच तारे

२६ ऑक्टो., रविवार. कासार आंबोली

केतकी आणि तिचा नवरा सकाळी गेले. गाडी सुरू, नवरा पाकीट उघडून अंगणात उभा, आणि सुनंदावहिनी त्याच्याकडे पाठ करून सुपात तांदूळ घेताहेत. माझ्या भाड्याच्या तारखेला मात्र त्या कधी पाठ फिरवत नाहीत. पण मी पडलो मागच्या खोलीतला भाडेकरू, तालुक्याचा वार्ताहर. केतकी लेक आहे.

लेक झाली ती श्रावणात. तेव्हा ही दोघं ॲपवरून, वहिनी पाहुण्यांना देतात त्यांतली एक खोली घेऊन आली होती. हिंजवडीत नोकऱ्या, मूळची हिंगोलीकडची. केतकीला आई नाही. दुसऱ्या सकाळी पोह्यांचा वास आला आणि ती तोंड दाबून मोरीकडे पळाली. डॉक्टरच्या आधी वहिनींना कळलं. निघताना ओटी भरली: खण, नारळ, आणि ओढ्याकाठच्या खाचरातला आंबेमोहोर. ओटी भरली म्हणजे नातं लागलं. या खेपेला ती सरळ फोन करून आली. ‘मावशी, भाऊबिजेच्या सुट्टीत येऊ का?’ लेक परवानगी मागते याचाच वहिनींना राग आला होता.

पैसे घेतले नाहीत. नवरा बिचारा गोंधळून पाकीट खिशात घालीना. शेवटी दत्ता (वहिनींचा नवरा, आमचा घरमालक, मितभाषी) म्हणाला, “ठिवा आता. न्हाईतर जेवन मिळायचं न्हाई मला.”

२९ ऑक्टो.

केतकीने ॲपवर अभिप्राय लिहिला. पाच तारे. वहिनींनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. पहिल्यांदा ऐकण्यासाठी, दुसऱ्यांदा शेजारच्या काकूंनी ऐकावा म्हणून. ‘या वेळी ॲपवरून नाही, सरळ मावशींना फोन करून आलो. निघताना पैसे देऊ लागलो तर म्हणाल्या, लेकीकडून घेतात का. असं माहेर सगळ्यांना मिळो.’

शेवटचं वाक्य बरं आहे. मी असतो तर तिथे थांबलो नसतो, म्हणजे बिघडवलं असतं.

दत्ता: “आता समद्या पुन्याच्या लेकी व्हत्याल.”

३ नोव्हें., सोमवार

खाचरात भात पिकून उभं, ढग आलेले, आणि गावात कुणी विळा उचलला नाही. सोमवार म्हणजे मोडा. बैलांनाही सुट्टी, जमिनीलाही. दत्ताकडे बैल राहिले नाहीत आणि जमीनही हे एवढं खाचरच राहिलं आहे, तरी मोडा आहे तो आहे.

बाकीची जमीन बंगल्यांत गेली. त्यातून पुढच्या तीन खोल्या बांधल्या. तेव्हा नवरा-बायकोत ठरलं होतं, माझ्यासमोर, चुलीपाशी: खोल्या चालतात तोवर खाचराला हात लावायचा नाही. बंगलेवाल्यांच्या एजंटला ते हवंच आहे, मागचा रस्ता काढायला. दर महिन्याला येऊन चहा पितो, भाताकडे बघतो, जातो. खोल्या चालताहेत, म्हणून नुसता चहाच पितो.

८ नोव्हें., शनि.

आजच्या दोन्ही पार्ट्या आल्या नाहीत. वहिनींनी पिठलं टाकलं होतं. आम्ही तिघांनी खाल्लं.

संध्याकाळी ॲप उघडून पाहिलं. कंपनीचा निरोप: ‘आपले घर तपासणीसाठी थांबवण्यात आले आहे. कारण: पाहुण्याशी ॲपबाहेर व्यवहार.’ पुरावा म्हणून खाली काय जोडलंय? केतकीचा अभिप्राय. पाचही ताऱ्यांसकट.

माझ्या फोनवरून पाहुणा होऊन शोधलं. घर दिसतं. फोटोत तुळस, तीन खोल्या, झोपाळा, आणि वर लाल अक्षरांत: भरलेले. वहिनी म्हणाल्या, “कुनी भरलं? मी तर रिकामी बसलिया.”

११ नोव्हें.

कं.ला फोन. पुष्कळ आकडे दाबल्यावर एक गोड आवाज आला. बाई नव्हती, बाईसारखं काहीतरी होतं. मी प्रकरण सांगितलं: ओटी, लेक, माहेर. ती म्हणाली, आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी पुन्हा सांगितलं. तिला पुन्हा महत्त्वाचा वाटला. इतक्या कौतुकाने माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं. आणि इतक्या व्यर्थपणे.

शेवटी तिने वहिनींच्या फोनवर एक पान पाठवलं. दोन गोल, त्यांतला एक दाबायचा.

पहिला: पाहुण्याने मला थेट पैसे दिले. मला नियमभंग मान्य आहे.
दुसरा: पाहुण्याने लिहिलेला अभिप्राय खोटा आहे.

तिसरा गोल नाही. शेरा लिहायला जागा नाही.

पाठशाळेत शिकलो होतो, मीमांसकांना विकल्प आवडत नसे. दुसरा मार्गच उरला नाही तर घ्यावा, कारण त्यात आठ दोष आहेत. कं.ने नववा शोधून काढला: दोन्ही खोटे. आणि याला त्यांच्या भाषेत निवड म्हणतात.

व.ना (वहिनींना) वाचून दाखवलं. त्यांनी बराच वेळ फोनकडे पाहिलं आणि विचारलं, “हिच्यात लेक कुटं लिवायची?”

१४ नोव्हें.

केतकीचा फोन. तिला कळलं, रडत होती. अभिप्राय पुसायला गेली तर पुसता येत नाही, तपासणी चालू आहे म्हणे. मग म्हणाली, “मावशी, दुसरं दाबा. मी खोटं लिहिलं असं दाबा. माझं काय जातंय? फार तर माझं अकाउंट बंद करतील.”

फोन स्पीकरवर होता. दत्ता दारात.

वहिनी म्हणाल्या, “पोटुशी बाई तू. तुला खोटी म्हनून मी हितं पावनं बोलवू व्हय?”

“मग पहिलं दाबा. पैसे दिले म्हणून.”

“आन ओटी? ती इकली म्हनून सांगू?”

वहिनींनी मग डोहाळ्यांची चौकशी सुरू केली. चिंच खाते का, पाय सुजतात का. कंपनीचा विषय त्यांच्यापुरता संपला. दत्ता दारातून हलला नाही.

१९ नोव्हें.

ॲपं काय एकच आहे का, असं मीच म्हटलं होतं. ग्राहकाला पर्याय असतात तसे घरवाल्यालाही असतील. आज बसून शोधले.

दुसरं ॲप निराळ्या नावाचं, निराळ्या रंगाचं. सगळं भरून झाल्यावर निरोप आला की आपले घर तपासणीखाली आहे. म्हणजे मालक एकच. दुकानं दोन, गल्ला एक. तिसऱ्याने विचारलं, पोहण्याचा तलाव आहे का? ‘नाही’ दाबलं तर पुढे जाईना. दत्ता म्हणाला, “वढा हाय म्हनून सांगा.” सांगायला जागा नव्हती.

आपला फलक लावा रस्त्यावर, असं शेजारी म्हणाले. लावला. पौड रस्त्याने येणारा माणूस फलक कशाला वाचेल? त्याला फोनमधली बाई सांगते डावीकडे वळा, तो वळतो. डावीकडे भिंत असली तरी आधी वळतो, मग थांबतो.

२४ नोव्हें., सोम. (मोडा. कापणी झाली, झोडणी उद्या.)

पुण्याला जाऊन आलो. देवधर वकील पाठशाळेत माझ्याबरोबर होता. हल्ली बड्या कंपन्यांच्या बाजारातल्या दांडगाईचे खटले लढवतो, दिल्लीच्या स्पर्धा आयोगापुढे. कधी या बाजूने, कधी त्या. न्याय शिकलेला माणूस, दोन्ही पक्ष येतातच.

म्हणाला, “आधी बाजार कोणता ते ठरवावं लागेल.”
“पौडचा.”
“तसा नव्हे रे.” मग समजावलं. कं. मोठी आहे हा गुन्हा नाही. बाजार तिच्या मुठीत आहे हे दाखवायला हवं. आपण म्हणणार, मुळशीतल्या घरगुती खोल्या एवढाच बाजार. कं. म्हणणार, छे, देशात माणूस जिथे जिथे रात्र काढू शकतो तो सगळा बाजार. हॉटेलं, धर्मशाळा.
“सासुरवाडी?”
“हसू नकोस. तीही धरतील. मग त्यांचा वाटा चिमूटभर.”

तरी अर्ज करून दिला. मैत्रीखातर. त्यात वहिनी ‘माहिती देणारी व्यक्ती’ आणि केतकी ‘उपभोक्ता’. ओटीला शब्द सापडेना. देवधरने लिहिलं, ‘प्रथेनुसार द्यावयाची भेटवस्तू’. त्याने फी घेतली नाही. त्याला कुठला गोल दाबावा लागेल कोण जाणे.

२ डिसें.

बातमी दिली. गाव, व्यक्तींची नावं बदलून, कं.चं नावही न घालता. जमेल तेवढी कोरडी. डेस्कवरून फोन. वृत्तसंपादक मुलगा चांगला आहे, माझ्याशी आदराने बोलतो, त्यामुळे नकार लवकर ओळखू येतो. “सर, खूप ह्यूमन आहे. पण आपल्या वेबसाइटवर सध्या त्यांचीच जाहिरात आहे. आणि बातमी लोकांपर्यंत पोचते ती पण, म्हणजे, अशाच दुसऱ्या एका कंपनीच्या मर्जीने. जरा थांबू या.”

त्याऐवजी मुळशीत हिवाळी पर्यटनाला बहर, असं दोनशे शब्दांत द्या म्हणाला. दिलं. पोट आहे.

१० डिसें.

आयोगाकडून पोच आली. अर्ज मिळाला, क्रमांक पडला. व.नी कागद देवापुढे ठेवला. तिथून काही पुढे हलेल असं मला वाटत नाही, पण दिल्लीपेक्षा जागा बरी आहे.

पेपरात आतल्या पानावर: डिजिटल बाजारासाठी जो नवा कायदा येणार येणार होता, त्याचा मसुदा पुन्हा अभ्यासाला गेला. मी आयुष्याची चांगली वर्षं पाठशाळेत घालवली आहेत. अभ्यासाला गेलेला माणूस परत येतो तेव्हा काय होऊन येतो, हे माझ्याकडे पाहून सरकारला कळायला हरकत नाही.

दत्ता आज एजंटबरोबर खाचराच्या बांधावर उभा दिसला. चहा न पिता.

२४ डिसें.

पौडला ग्राहक दिन. तहसीलात कार्यक्रम, मी बातमीसाठी. व.ही आल्या, नवं लुगडं नेसून. मीच म्हटलं होतं, तिथे साहेब भेटतील. ग्राहक राजा आहे असं तीन वक्त्यांनी सांगितलं. राजे मागच्या खुर्च्यांवर होते, शाळेची मुलं. त्यांना वडापाव कबूल होता.

नंतर साहेबांना गाठलं. सज्जन गृहस्थ, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पण बाई, यात ग्राहक तुम्ही नाही. तुम्ही सेवा देणाऱ्या. ग्राहक त्या पाहुण्या. त्यांची काही तक्रार?”

मी अभिप्राय दाखवला.

साहेब म्हणाले, “त्यांनी तर पाच तारे दिलेत.”

आता यावर काय? तर्क निर्दोष आहे. मी न्यायशास्त्राची परीक्षा दिली आहे, कुठे बोट ठेवायला जागा नाही. ग्राहक संतुष्ट, म्हणून तक्रार नाही, ग्राहक संतुष्ट होता हाच गुन्हा.

परतताना एस.टी.त व. खिडकीबाहेर बघत होत्या. पौड मागे पडल्यावर म्हणाल्या, “भावजी, साहेब चांगला व्हता.” मी हो म्हटलं. समदीच चांगली हायेत, एवढं म्हणून पदर सावरला. आम्ही घरी आलो.

३१ डिसें.

बंगल्यांतून दुपारपासून स्पीकर. आमच्या तीन खोल्या झाडून, नव्या चादरी घालून तयार. का तयार ते कुणी विचारलं नाही.

चारच्या सुमाराला एक गाडी थांबली. नवरा, बायको, दोन मुलं, मागच्या सीटवर आजीबाई. कुठे जागा मिळत नव्हती. बायको उतरून म्हणाली, रूम मिळेल का? व. म्हणाल्या, मिळंल की, या. दार उघडून चादरी दाखवल्या. आजीबाई झोपाळ्यावर बसल्यासुद्धा. माझ्या मनात काय झालं ते लिहीत नाही.

नवरा फोन बघत होता. “पण हे घर तर भरलेलं दाखवतंय.”

“न्हाई हो, रिकामं हाय. ह्ये बघा की.”

त्याने उघड्या खोलीकडे पाहिलं. परत फोनकडे पाहिलं. बायकोला जरा बाजूला घेऊन काही बोलला. ‘काहीतरी प्रॉब्लेम असेल’ एवढं ऐकू आलं. आजीबाईंना उठवायला वेळ लागला. त्यांना जायचं नव्हतं.

आयोग, मसुदा, देवधर, ग्राहक दिन, सगळं एकीकडे. ज्याला निवडायचं स्वातंत्र्य द्यायला ही सगळी यंत्रणा, तो माणूस उघड्या दारात उभा राहून फोनला विचारतो की दार उघडं आहे का. मी तरी काय वेगळा? ताम्हिणीत पाऊस किती हे तिथे उभा राहून फोनमध्ये बघतो.

व.नी चादरी काढून घड्या घातल्या.

४ जाने., रवि.

घर ॲपवर परत दिसू लागलं. ‘भरलेले’ गेलं. मी ओरडतच पुढे आलो. व. हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर. दत्ता ओट्यावर, मान खाली. मग कळलं.

“पयलं दाबलं म्या.” काल, व. पेंढा झाकायला गेल्या असताना, त्यांच्या फोनवरून. “खाचर ऱ्हावं म्हनून दाबलं. माझं काय अडलं हुतं इकायला?”

खरं आहे. एजंटबरोबर बांधावर उभा राहणारा दत्ता, खाचर वाचावं म्हणून खोटं बोलला. मी त्याला उगाच वेगळं समजत होतो.

व. आत जाऊन पीठ मळत राहिल्या. त्या पिठाच्या भाकरी आज फार पातळ झाल्या.

९ जाने.

घर आहे, पण कुठे? ‘कासार आंबोली’ शोधलं की आधी बंगले, मग रिसॉर्ट, मग लोणावळ्याची दोन हॉटेलं, ती इथे कशी आली देव जाणे, आणि पानंच्या पानं खाली सरकवल्यावर आमची तुळस. नावापुढे बारीक अक्षरांत ‘निरीक्षणाखाली’. पाहुणा तिथवर येईपर्यंत त्याची सुट्टी संपेल.

केतकीलाही कं.चा निरोप गेला: यजमानाने थेट रक्कम घेतल्याचे मान्य केले आहे. तिने मला विचारलं, मावशींनी खरंच तसं दाबलं का? मी म्हटलं, नाही. “मग ठीक आहे,” म्हणाली आणि अजिबात ठीक नसल्यासारखा फोन ठेवला.

१८ जाने., रवि.

केतकीचं डोहाळजेवण, खाचरात. व.चा हट्ट. कापलेल्या भाताच्या बुडख्यांवर सतरंजी, बांधावर शेजारच्या बायका, केतकी हिरव्या साडीत, मधोमध, जड. नवऱ्याने माझ्याबरोबर भांडी वाहिली. चांगला आहे, पाकीट अजून पटकन काढतो. दत्ता लांब उभा होता. केतकीने हाक मारली, “काका, तुम्ही पण या की.” आला. तिने त्याला आपल्या ताटातला पुरणपोळीचा तुकडा दिला. त्याने तो खूप वेळ हातात धरला. निरोपाबद्दल कुणी काही बोललं नाही.

तिने फोटो काढले. मी गमतीने म्हटलं, यावेळी किती तारे? हसली नाही. म्हणाली, “काका, हे कुठेच टाकणार नाहीये.” मग इकडेतिकडे पाहून, आवाज खाली आणून, “इथे यायचं असेल कुणाला तर मी तोंडानेच सांगते आता.”

पाठशाळेत आम्हाला सांगत, वेद तोंडानेच पोचवायचे असतात. माझ्या पिढीला वाटलं होतं, ती अडचण दूर झाली.

३० जाने.

खोल्या रिकाम्या. केतकीच्या सांगण्यावरून एक जोडपं येऊन गेलं. व.नी पैसे घेतले, आणि घेताना मला विचारलं, “ह्ये घेतलं तर चालंल ना?” गावात कुणाला कधी न भ्यालेली बाई.

एजंटने चिठ्ठी नाही, कागद नाही, नुसता निरोप पाठवला: शेजारचं रान मिळतंय, पुढच्या आठवड्यात सांगा, नाहीतर रस्ता तिकडून.

आयोग: काही नाही.

६ फेब्रु.

दत्ताने एजंटला शब्द दिला. चुलीपाशी, माझ्यासमोर ठरलं होतं, तसंच मोडलं. “खोल्या चालत न्हाईत. बोलनं तेच हुतं आपलं.” व.नी भाकरी उलटली. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. कुठलाच गोल दाबला नाही.

मी काय करू शकतो? तालुक्यातली बातमी देऊ शकतो.

८ फेब्रु., रवि.

सकाळी व. कणगीतून भात काढून निवडत होत्या. दोन ढीग. एक केतकीच्या ओटीसाठी. बाळ झाल्यावर बारशाला न्यायचं. दुसरा बियाण्याचा. कशाचं बियाणं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मीही बसलो निवडायला. खडे दोघांनाही कमी सापडले.

दुपारी एजंट आला, गाडीतून मोजणीवाला घेऊन. दत्ताशी बोलला, मग ओट्यापाशी येऊन हसत म्हणाला, “वैनी, उद्या सकाळी येतो. चुना टाकून घिऊ, म्हंजी तुमालाबी दिसंल कुटवर जातंय.”

व.नी सूप खाली ठेवलं. “उद्या मोडा हाय.”

“आवं, नांगर कुठं धरायचाय? नुसता चुना.”

“मोड्याला जमिनीला हात लावत न्हाईत. तुजी आय सांगंल. इचार तिला.”

त्याची आई याच गावची. तो जरा थांबला. फोन काढला, काहीतरी पाहिलं, परत खिशात घातला. मोडा फोनमध्ये नसावा. “बरं,” म्हणाला. “मग मंगळवारी.”

व.नी सूप पुन्हा उचललं. दत्ताने माझ्याकडे पाहिलं, मी सुपाकडे.

तो गेल्यावर त्यांनी बियाण्याचा ढीग फडक्यात बांधला, गाठ मारली, आणि कुठे ठेवावा ते न कळून तसाच मांडीवर घेऊन बसल्या. अंधार पडेपर्यंत. उद्याचा एक दिवस अजून आहे.